बरडीवरचे दगड

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी दहा दिवसांच्या श्रमदान शिबिराला गेले. ऐंशीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. त्याआधी मी घराबाहेर कधी राहिले नव्हते. रोज नशिराबादहून एसटीने जळगावला जायचं, तास करायचे आणि दिवेलागणीआधी परत यायचं, एवढंच माझं जग. वडिलांनी परवानगी दिली ती आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांमुळे. सर स्वतः घरी आले, ओट्यावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, पोरगी पुस्तकातली झाडं शिकतेय. जरा जमिनीवरची पण शिकू द्या."

गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी होतं. केळीच्या बागा मागे राहिल्या की कापसाची शेतं लागतात, आणि ती संपली की मुरमाड, बोडकी बरडी चढायला लागते. गावातल्या विहिरी होळीच्या आधीच तळ दाखवायच्या. बरडीवर आडवे चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी धावत खाली न जाता तिथेच मुरेल, आणि पुढच्या पावसाळ्यात चरांच्या कडेने झाडं लावायची, असं काम ठरलं होतं. आम्ही चाळीस जण होतो. मुलं देवळाच्या ओसरीवर राहायची, आम्ही बारा मुली शाळेच्या एका खोलीत.

काम सुरू व्हायच्या आधी सर आम्हाला नाल्याच्या काठाने हिंडवायचे. अंजनाचं पान हातात देऊन विचारायचे, "हे एक पान की दोन?" सालईची साल नखाने खरवडून वास घ्यायला लावायचे. मग बरडीवर जाऊन चुन्याच्या फक्कीची रेघ मारायची आणि त्या रेघेवर कुदळी चालवायच्या. तिसऱ्या दिवशी हाताला फोड आले, चौथ्या दिवशी ते फुटले, आणि पाचव्या दिवशी सरांनी मला आमच्या गटाची प्रमुख केलं. मला त्याचा फार अभिमान वाटला. घरात मी चौथी मुलगी होते. प्रमुख वगैरे मला कोणी केलं नव्हतं.

बरडीच्या उतरत्या टोकाला एक म्हातारी रोज येऊन बसायची. साठीच्या आसपासची असेल. गाव तिला अक्का म्हणायचं. ती आमच्याकडे बघत नसे, समोर जमिनीकडे बघत बसे. आजूबाजूला ओंजळीएवढे दगड पडलेले असायचे. सहाव्या दिवशी दुपारी मी तिला कळशीतलं पाणी नेऊन दिलं. तिने ते पिऊन भांडं परत केलं आणि आमच्या रेघेचं टोक येत होतं त्या बाजूला बोट केलं.

"तठे नका खंदा, बाई," ती म्हणाली. "तठे मनी पोर निजेल शे."

आमच्याकडची बोली थोडी वेगळी, पण एवढं मला कळत होतं. तिथे तिची मुलगी झोपली होती. मी बघितलं. उन्हात नुसते दगड होते, मूल कुठेच नव्हतं. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं असावं. मी "हो, अक्का" म्हणाले आणि कामावर परत आले.

संध्याकाळी आमच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला गावातली एक बाई यायची. तिच्याजवळ चुलीपाशी बसले असताना मी सहज विचारलं, ती अक्का तिथे का बसते म्हणून. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तठे धाकला पोरं ठेवतस. दात येवाना आधी जातस ना, त्या."

दात यायच्या आधी गेलेली मुलं जाळत नाहीत, पुरतात, हे आमच्याही घरात होतं. माझ्या पाठचा भाऊ असाच गेलेला. तरी बरडीवरचे ते दगड आणि ही गोष्ट मी एकत्र जोडली नव्हती. आता जोडली गेली. भाकरीवाली पुढचा उंडा थापायला लागली. आपण काही विशेष सांगितलं असं तिला वाटलं नसावं.

मी लगेच उठून सरांकडे जायला हवं होतं. ओसरी पन्नास पावलांवर होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याचे साहेब काम बघायला येणार होते, आणि आमच्या गटाचा चर त्याच टोकापर्यंत पुरा करून दाखवायचा होता. सर त्या संध्याकाळी खुशीत होते. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "या गटाचं काम मी साहेबांना आधी दाखवणार." मी मनाशी म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी म्हटलं, रेघ कदाचित वरच्या अंगाने जाईल. सरांनी फक्की टाकली ती दगडांच्या मधून गेली. मी बघत होते.

आम्ही दगड उचलले. मीसुद्धा उचलले. चराच्या खालच्या बाजूला मातीचा बांध घालायचा असतो, त्याला ते दगड चांगले बसले. कुणी तरी म्हणालं, किती मापाचे दगड आहेत बघा, जणू निवडून आणलेत. वीतभर खणल्यावर माझ्या फावड्यात मातीबरोबर चार-पाच काळे मणी आले. तान्ह्या बाळाच्या मनगट्यांतले असतात तसे. मी मूठ मिटली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर."

अक्का नेहमीपेक्षा उशिरा आली. चराच्या कडेने खाली गेली, पुन्हा वर आली. मग माझ्यापुढे उभी राहिली. मी मूठ उघडून मणी तिला दाखवले. तिने ते जवळून पाहिले.

"हाई मनी पोरनं नही," ती म्हणाली. "तिना हातमा काहीच नव्हतं." मग तिने इकडेतिकडे बघून विचारलं, "मना दगड कोठे गया?"

मी बांधाकडे बोट केलं. तिने माझ्या तळहातावरचे मणी घेतले, खाली बसून बोटांनी माती उकरली आणि ते पुरले. मग बांधाकडे गेली आणि एकेक दगड काढून बघायला लागली.

तोवर गावात कळलं होतं. तासाभरात सात-आठ बायका बरडीवर आल्या. त्यातली एक माझ्याच वयाची होती, तिच्या कडेवर मूल होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. त्या वाकून बांधातले दगड हातात घ्यायच्या, फिरवून बघायच्या, खाली ठेवायच्या. पोरंपोरी कुदळी टाकून उभी राहिली. सरांना कुणी तरी कानात सांगितलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. त्यांनी चप्पल काढली आणि त्या उन्हात अनवाणी उभे राहिले. ते बघून आम्हीही काढल्या.

एका बाईला तिचा दगड सापडला. त्यावर पांढरी शीर होती. पण तो कुठे ठेवायचा हे तिला सांगता येईना, कारण जमीनच हलली होती. अक्काने शेवटी हातातला दगड खाली टाकला. "बठ्ठा सारखाच दिसतस," ती म्हणाली, सगळे एकसारखेच म्हणून, आणि घरी गेली.

सरांनी गावातल्या आबांना, म्हणजे पोलीस पाटलांना, हात जोडले. आबांनी त्यांचे हात धरून खाली केले. मग म्हणाले, "सायेब, तुम्ही इचारं नही, आम्ही सांगं नही." मी सरांच्या मागे दोन हात अंतरावर उभी होते. मला सांगितलं होतं. अक्काने मला खणू नका म्हटलं होतं, हे त्या सगळ्या डोंगराखाली फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

आम्ही तेवढा चर बुजवला. दगड वर ठेवले, अंदाजाने, ओळीत. ती ओळ फार वाईट दिसत होती, कारण आधी ते कुठल्याच ओळीत नव्हते. साहेब आले तेव्हा सरांनी त्यांना दुसऱ्या अंगाचं काम दाखवलं. इकडे खडक लागला म्हणून सोडलं, असं सांगितलं. सरांना खोटं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सरांनी शिबिर घेतलं नाही. दोन वर्षांनी त्यांची धुळ्याला बदली झाली. मीही पुढे लग्न होऊन धुळ्यातच आले, एका शाळेत शिकवायला लागले. ते बाजारात भेटायचे. एकदा वांगी निवडता निवडता म्हणाले, "मी त्या जागेबद्दल विचारायला हवं होतं. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, आणि एका माणसाला विचारलं नाही." मी म्हणाले, "सर, आता किती दिवस मनात ठेवणार?" मी एवढंच म्हणाले. ते पुढच्याच हिवाळ्यात गेले. मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांचं निम्मं ओझं उतरलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मला मुलगी झाली. ती दुपारी पाळण्यात झोपली की शेजारीण म्हणायची, निजली वाटतं. मी उठून जायची आणि तिच्या नाकाशी बोट धरायची. दिवसातून चार-पाचदा. नवऱ्याला वाटायचं, पहिलटकरीण आहे म्हणून. तिला दात आले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले. तेव्हाही कारण कुणाला सांगितलं नाही.

नव्वदीच्या मध्यावर, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, मी एकदा एकटीच त्या गावी गेले. बरडीवर कडुनिंब आणि शिवण डोक्याच्या वर गेले होते. चरांत गवत होतं. एसटी स्टँडवरचा चहावाला आपणहून म्हणाला, आता विहिरींना वैशाखापर्यंत पाणी राहतं. आम्ही केलेलं काम चांगलं झालं होतं.

अक्का अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडत बसली होती. खूप वाकली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "अक्का, शिबिरातली मुलगी मी. तुम्ही मला सांगितलं होतं, आणि मी कुणालाच सांगितलं नाही."

तिने पऱ्हाटी मोडली, ढिगात टाकली.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

मी विचारलं, आता ती तिथे बसायला जाते का. तिने मान हलवली. कोणत्या दगडापाशी बसावं, ते कळत नाही म्हणून जात नाही, असं तिच्या बोलीत सांगितलं. राग नव्हता त्यात. जसं कुणी सांगावं की आता गुडघे दुखतात म्हणून बाजाराला जात नाही. मग तिने विचारलं, मला पोरंबाळं किती. मी म्हणाले, एक मुलगी. ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली की शेवटची गाडी चुकेल, निघ.

मी निघाले. बरडीकडे न जाता गावाच्या दुसऱ्या बाजूने रस्त्याला लागले. गाडी अर्धा तास उशिरा आली. तोवर मी फाट्यावर उभी होते, रस्त्याच्या कामाचे दगड-खडीचे ढीग पडले होते तिकडे पाठ करून.