शिरोळचा गडी

उचगावात ख्वाजा टेलरच्या मशीनशेजारी बुद्धिबळाचे चार पट कायम मांडलेले असत, पण समोर कुणी बसलेलं नसे. गडी होते मिरजेला, बेळगावला, गडहिंग्लजला आणि शिरोळला. प्रत्येकाची चाल पोस्टकार्डावर यायची; ख्वाजा ती पटावर करायचा आणि आपली लिहून धाडायचा. चाल डोक्यात घोळू लागली की बाही उलटी शिवली जाई. यातल्या एकाचंही तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण कार्डाच्या कडेला कुणी लेकीचं लग्न कळवी, कुणी आजारपण.

शिरोळच्या गणपतरावांवर त्याचा विशेष जीव. त्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि त्यांची कार्डं बंद झाली. ख्वाजानं बाकीच्यांना विचारलं, तेव्हा मिरजकरांनी लिहिलं, चाल धाडायची मुदत टळली, डाव तुमचा.

"माणूस हाय का न्हाय ठावं न्हाय, आन् मी डाव कसला जिंकतोय?" ख्वाजा चिडला.

"मग जाऊन बघून या की," बायको जरीना म्हणाली.

रस्ता सुरू होताच तो एसटीनं शिरोळला गेला. विचारत विचारत घर गाठलं. भिंतींवर छातीइतक्या उंचीवर पुराची रेघ होती. अंगणात एक तरुण बाई गोधडी वाळत घालत होती.

"गणपतराव हायती का? मी उचगावचा ख्वाजा. बुद्धिबळवाला."

बाई जागच्या जागी थबकली. "आबा दोन सालामागंच गेलं, पावणं."

ख्वाजा पायरीवर बसला. "मग माझ्यासंगं खेळतंय कोण?"

"मीच की. शालू, त्यांची लेक. आबांनीच शिकवलं, त्यांची कार्डंबी पयल्यापासनं मीच लिवायची. अर्ध्यावरचा डाव सोडवंना. पन बाईमाणसासंगं तुमी खेळला असता?"

ख्वाजाला राग आला होता. पण खोटं बोलवेना. "न्हाय खेळलो असतो," तो म्हणाला. मग चपला काढत, "पट कुठाय?"

"व्हावून गेला. तुमचा पत्ताबी त्यातच गेला. डाव हाय डोक्यात."

कोळशानं फरशीवर घरं आखली. चिंचोके, खडे, बटणं मांडली. शेजारणी भोवती जमल्या. चहा निवून गेला तरी दोघांची मान वर झाली नाही. शेवटी शालूबाईनं ख्वाजाच्या राजाला कोपऱ्यात कोंडलं, आणि हरलेला ख्वाजाच मोठ्यांदा हसला.

घरी येऊन त्यानं सगळ्यांना खरं काय ते कळवलं. गडहिंग्लजकरांनी शालूबाईला लाकडी सोंगट्या धाडल्या. मिरजकरांनी तिच्याकडं नवा डाव मागितला. बेळगावकर मात्र बाईसंगं खेळायला शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. शालूबाईनंही त्यांना परत विचारलं नाही.