सासूबाईंच्या अंगठ्याचं नख

लग्न होऊन गारखेड्यात राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याचं नख माझ्या नजरेत भरलं. टोकाकडून ते सुटलेलं होतं आणि खालून हिरवट-काळं दिसायचं, न घासलेल्या टाकीच्या तळासारखं. दुपारी त्या सेफ्टी पिनेनं त्याच्याखालचं कोरत बसायच्या. निघालेलं पदराला पुसायच्या आणि संध्याकाळी त्याच हातानं पीठ मळायच्या.

जेवण टाळायला मी सोमवारचा उपास धरला, मग गुरुवार, मग संकष्टी. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, वर्ष झालं त्याला, आम्ही खातोच की.

एका रविवारी ताटातल्या थालीपिठावर अंगठ्याचा ठसा दिसला. मी उठून थेट मोरीत जाऊन ओकले. परत आले तेव्हा सासूबाईंनी गॅस बंद केला होता.

"माझ्या हातचं नको वाटतंय तुला, व्हय?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "हातचं नाय आई, त्या नखाचं."

त्यांनी हात पदराखाली घेतला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, चल कुठं दाखवायचं ते.

छावणीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी सुटलेला भाग कापला, तेव्हा असा वास सुटला की मी खिडकीकडं तोंड केलं. डॉक्टर म्हणाले, दिवसभर भांडी-धुण्यात हात, त्यामुळं नखाखाली ओल राहून जंतू वाढलेत. पिनेनं कोरलं की नख आणखी सुटतं. त्यांनी थेंब लिहून दिले. हात कोरडे ठेवा, पाण्यातलं काम आधी सुती आणि वरून रबरी मोजे घालून करा, नवं नख यायला सहाएक महिने लागतील, असं बजावलं.

रिक्षात त्या हळूच म्हणाल्या, "मलाबी लई घाण वाटायची गं. पण दाखवू कुणाला?"



भांडी माझ्याकडं आली. नख हळूहळू गुलाबी होत वर आलं. माझी किळस मात्र तेवढ्या लवकर गेली नाही. जेवायला बसले की नजर आधी अंगठ्यावर जायची, आणि ते त्यांना कळायचं. त्या हात माझ्यापुढं पालथा करायच्या, मग भाकरी वाढायच्या. मी मान खाली घालून खायचे.