तोंड नसलेलं कासव

आमच्या पेंटरला कासवाचं तोंड काढता येत नाही, अशी कुजबुज गल्लीत बरीच वर्षं होती. मीही ती चवीने ऐकली आहे आणि एकदोघांना चवीनेच ऐकवली आहे.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मुलांच्या बाकासमोरची भिंत दिली. म्हणाल्या, "भोकाड थांबेल असं काहीतरी काढा." दर रविवारी, दवाखाना बंद असताना, तो एक प्राणी काढी. आधी गालाला फडकं बांधलेली मगर, मग चष्मेवाली पाल. तोंडापाशी बोलण्याचा पांढरा फुगा रिकामा ठेवायचा आणि त्यात वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या प्राण्याची कविता लिहायची, अशी घरातली वाटणी. मगर म्हणाली:

साठ-सत्तर दात माझे, घासायचे दिवसरात;
हात मेले इतके आखूड, पोचतच नाहीत आत!

पोरं हसली. हसली की तोंड उघडतं; डॉक्टरीणबाईंचं काम झालं. पोट दुखलं ते पेंटरचं. "कविता कुणाची हो?" जो तो हेच विचारी. मगरीचे खवले त्याने एकेक करून काढले होते, त्यांबद्दल चकार शब्द नाही.

"अहो, चित्र आहे म्हणून कविता आहे," वहिनी म्हणाली.

"हो तर. खुंटी आहे म्हणून कोट आहे. खुंटीकडे कोण बघतं?"

मग फुगे आकसायला लागले. सरड्याला मिळाला लिंबाएवढा. वहिनीने बारीक ब्रश घेतला, दोनच ओळी लिहिल्या, आणि पोरांनी त्या पाठ केल्या!

शेवटी दारापाशी एक जागा उरली. इथे फक्त आपलं चित्र, असं पेंटरने मनाशी ठरवलं. कासव काढलं, डोकं, पाय, सगळं पाठीखाली आत. तोंड नाही, म्हणजे फुगा नाही. ऐटीत ब्रश धुवायला गेला. परत येतो तर पाठीवरच्या मधल्या चौकटीत, दारावरच्या पाटीसारखं:

कोण पाहिजे? घरी नाही!
दात? मला एकही नाही!

सगळ्या भिंतीवर सर्वांत जास्त हशा त्यालाच. दाढ धरून बसलेल्या एका बाईंनी तर निदानच केलं, "तोंड जमलं नसणार. बायकोने सांभाळून घेतलं बिचारीने!"

पेंटर तिथेच उभा होता. घरी वहिनी म्हणाली, "अहो, एक तोंड काढून दाखवा ना सगळ्यांना."

"मग भिंतीवर का नाही काढलंस, असं विचारतील," पेंटर म्हणाला.

कासवाचं तोंड त्याला उत्तम काढता येत होतं. बायकोला फुगा मिळू नये म्हणून त्याने ते काढलं नाही.