काकांचा पोतराज

आमच्या गायन पार्टीत दादा, म्हणजे आमचे वडील, पेटी वाजवायचे, थोरले काका मुख्य गायक, आणि आम्ही दोघी बहिणी मागे कोरसला. आमच्या राजेश्वर गावाच्या आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. एका वर्षी काकांनी नवा कार्यक्रम बसवला. आपण कोण होतो आणि कोण झालो, ते प्रत्येकानं गाऊन सांगायचं.

बौद्ध धम्माची दीक्षा घेण्याआधी काका पोतराज होते. मूल जगत नव्हतं, म्हणून आज्यानं त्यांना लहानपणीच मरीआईला सोडलं होतं. पाठीवर केस, कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात कोरडा, स्वतःच्या अंगावर ओढायचा आसूड. छप्पन साली त्यांनी केस कापले, घागरा जाळला. मला ठाऊक होते ते पांढऱ्या सदऱ्यातले, हळू बोलणारे काका.

कार्यक्रमात ते आधी पोतराज होऊन एक कडवं म्हणणार आणि मग पांढऱ्या कपड्यांत परत येणार होते. आईनं जुन्या लुगड्यांचा घागरा शिवला. तालमीत त्यांनी तो घातलाच नाही. "एकदाच घालीन," म्हणाले.

मन्नाएखेळ्ळी गावात ऊन उतरताना कार्यक्रम सुरू झाला. काका घागऱ्यात आले आणि गायला लागले. आवाज त्यांचा नव्हता. पातळ, न फुटलेला, पोरसवदा आवाज. बोल कानडी की तेलुगू, कळेना. ते आम्ही कधी बसवलेच नव्हते. कडवं संपलं तरी ते थांबेनात. दंडावर कोरडा खरोखर बसत होता, रक्त दिसत होतं.

तेवढ्यात एक म्हातारी नातवाला घेऊन पुढं आली. "मरीआई, लेकराचा ताप उतरंना." काकांनी पोराच्या कपाळावर हात ठेवला. कोणी हसलं नाही, कोणी उठलं नाही.

मी पुढं होऊन म्हटलं, "काका, बस करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कुणाची गं?"

"तुमच्या भावाची."

"मला भाऊ न्हाई," त्याच आवाजात ते म्हणाले. "आजून जलमला न्हाई."

पेटी थांबली. दादा उठून आले आणि त्यांनी काकांचा हात धरला. "अण्णा, मी जलमलो. चल."

काका बराच वेळ दादांचा चेहरा निरखत राहिले. मग मटकन खाली बसले.

पुढची गाणी दादांनीच म्हटली. कार्यक्रम उरकल्यावर पांढरा सदरा घातलेले काका त्या म्हातारीकडे गेले आणि तिला, पोराला घेऊन हुमनाबादच्या दवाखान्यात निघाले. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी पोराला ठेवून घेतलं. चार-पाच दिवसांत ते बरं झालं.

त्या रात्री दवाखान्याबाहेर बाकावर बसल्यावर काकांनी मला विचारलं, "तो म्हातारीला काय म्हणला?"

"काही न्हाई. नुसता हात ठेवला."

"बरं केलं," ते म्हणाले. "त्याला काय सांगता येतंय? बारीक पोरगा हाय तो."

तो कोण, हे मी विचारलं नाही.

कार्यक्रम आम्ही पुढं कितीतरी वर्षं केला. घागरा आता रंगमंचावर खुंटीला टांगलेला असे आणि काका शेजारी पांढऱ्या कपड्यांत उभे राहत. जुन्या कडव्याची वेळ आली की ते गप्प होत, थोडे बाजूला सरकत, आणि कुणाचं तरी गाऊन व्हायची वाट पाहत. तेवढा वेळ दादा पेटीवर नुसता सूर धरून ठेवत.