माझ्या हातानंतर ओतलेलं पाणी

"हात काढ आधी."

आजी म्हणाल्या आणि मी हात काढायच्या आत त्यांनी मगभर पाणी नळावर ओतलं. नळ मी नुकताच घासून, पुसून लख्ख केला होता. मी अजून खालीच उकिडवी बसलेली. निम्मं पाणी नळावर पडलं, निम्मं माझ्या मानेवर. ब्लाऊज भिजला. आजींनी दुसरा मग भरला. तो बेसिनच्या नळावर. मग शॉवरच्या दांडीवर. जिथं जिथं माझा हात लागला होता तिथं तिथं पाणी. तोंडानं कसलं तरी स्तोत्र चालू होतं.

मी म्हटलं, "आजी, आत्ताच पुसलंय हो."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

हे वेलचेरीतलं. चेन्नईतलं. आयटीवाल्यांची उंच इमारत, खाली गेट, गेटवर वॉचमन. मी तिथं बाथरूम घासायला जायची.

माझं माहेर, सासर, दोन्ही लातूरकडचं. नवरा गिंडीत एका छोट्या कारखान्यात लेथवर लागला, म्हणून आम्ही इकडं आलो. तमिळ मला येत नव्हतं. बोट दाखवून भाजी घ्यायची, मान हलवून घरी यायचं. तोंड असून मुकी झाले होते. अशात एकदा त्या इमारतीच्या गेटापाशी एक बाई फोनवर मराठीत बोलताना ऐकली. मला रडूच आलं. सरळ जाऊन म्हटलं, "ताई, तुम्ही मराठी?" त्या पुण्याच्या निघाल्या. नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरवर काम करणारे. म्हणाल्या, "अगं, किती बरं झालं! आपलं माणूस मिळालं."

आपलं माणूस. घरी जाऊन नवऱ्याला मी पुन्हा पुन्हा तेच सांगत बसले. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी, त्यातली गत. ताईंनी मला कामावर ठेवलं. त्यांच्याच शब्दावर त्याच इमारतीत आणखी घरं मिळाली. आमची चूल त्या घरांवर पेटायला लागली.

तिथलं पाणी बोअरचं. इथली माणसं त्याला उप्पु तण्णी म्हणतात, मिठाचं पाणी. या पाण्यानं केस काथ्यासारखे होतात आणि नळावर ते वाळलं की पांढरं पुट चढतं. एकदा चढलं की साबणाच्या बापाला निघत नाही. व्हिनेगरमध्ये फडकं बुडवून नळाला गुंडाळायचं. शॉवरच्या तोंडाला व्हिनेगरची पिशवी बांधून ठेवायची. मग जुन्या ब्रशनं घासायचं, धुवायचं आणि शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. थेंब ठेवायचा नाही. थेंब राहिला की डाग आलाच. हे सगळं मला ताईंनीच शिकवलं, शेजारी बसून.

मग पुण्याहून त्यांच्या सासूबाई राहायला आल्या. सुरुवातीला गोड. हातात चहाचा कप घेऊन आल्या, म्हणाल्या, "कुठली गं तू? लातूरची? आमचेही नातलग आहेत तिकडे. आडनाव काय?"

मी सांगितलं. लपवायला मी काय चोरी केली होती?

आजींनी पुढं केलेला कप मागं घेतला. ओट्यावर ठेवला. "गार झालाय वाटतं," म्हणाल्या. कपातून वाफ निघत होती. मला समजायचं ते समजलं. आमच्याकडं हे समजायला शाळेत जावं लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाणी ओतणं सुरू झालं. मी घासायचं, पुसायचं, त्यांनी वरून पाणी सोडायचं. पुसायचं फडकं माझ्या हातचं, म्हणून त्या स्वतः पुसायच्या नाहीत. मलाही पुसू द्यायच्या नाहीत. पाणी तसंच वाळायचं. सकाळी बघावं तर नळ चुना फासल्यासारखा. आणि ताई मला बाथरूममध्ये उभं करून विचारायच्या, "काय गं, याला घासणं म्हणतात?" कधी शेजारच्या मामींसमोर, इंग्रजीत, माझ्याकडं बोट करून. इंग्रजी मला येत नाही. बोट कळतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एकदा आजी देवळात गेल्या होत्या. मी ताईंना सगळं सांगितलं. वाटलं, त्यांना माहीत नसेल.

ताई हसल्या. "मला काय दिसत नाही का? पण आईंना कोण बोलणार? घरात कटकट नको मला. तुला बोलले की त्यांना बरं वाटतं. तू नको मनावर घेऊस."

आजींचा मला राग होताच. पण त्या दिवशी ताईंचा जो राग आला तो सांगता येत नाही. आजी निदान मानत तरी होत्या, जे करत होत्या ते. ही बाई काहीच मानत नव्हती आणि सगळं होऊ देत होती. तरी मी गप्प बसले, कारण बाकीची घरं तिच्याच शब्दावर होती.

काही दिवसांनी ताईंनी लाल रबरी हातमोजे आणून दिले. माझी बोटं तेव्हा फुटली होती, भाकरी थापताना मीठ झोंबायचं. मला बरं वाटलं. म्हटलं, आली बाईला दया. तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला, "दिलेस का गं तिला? आता नळाला हात तरी लागणार नाही तिचा."

म्हणजे हातमोजे माझा हात जपायला नव्हतेच. नळ जपायला होते. आणि मी ते घातले. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात.

हातमोजे आले म्हणून वरचं पाणी काही थांबलं नाही. डागही थांबले नाहीत.

मग एका रविवारी ताईंच्या ऑफिसातले साहेब जेवायला यायचे होते. ताई म्हणाल्या, "आज व्हिनेगर नको, वेळ जातो. अ‍ॅसिड लाव." नळाचं टपटपणारं पाणी अ‍ॅसिडवर पडू नये म्हणून मी बाथरूमचा कॉक बंद केला. मी अ‍ॅसिडचं फडकं नळाला दाबून धरलं. उजव्या मोज्याचं बोट टोकाला चिरलं होतं, ते मला दिसलं नाही. आधी नुसती चुणचुण. मग आग. मोजा ओढून काढला तर दोन बोटं आणि तळहात पांढरा पडलेला. बाथरूममध्ये पाण्याचा थेंब नाही. कॉक परत सोडायचं भान नव्हतं. मी धावत स्वयंपाकघरात गेले, तिथला नळ सोडला आणि हात खाली धरला.

पाणी हाताला लागलं न लागलं, आजींनी नळ बंद केला.

"हा नळ नको! देवाचं पाणी भरतो आम्ही इथून!"

मी हात दाखवला. आजींनी हाताकडं बघितलंच नाही, नळाकडं बघत होत्या. ताई दारात आल्या. त्यांनी मात्र हात बघितला, नीट बघितला. आणि म्हणाल्या, "अगं, खाली वॉचमनचा नळ आहे ना. तिकडे जा पटकन."

त्यांचे यजमान हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून बसले होते. त्यांनी मान वळवली, बघितलं, परत मान फिरवली.

मी नळ सोडला. आजींनी बंद केला. मी परत सोडला आणि या वेळी डाव्या हातानं नळ घट्ट धरून ठेवला. उघड्या हातानं. आता आजींना तो बंद करायचा तर माझ्या हाताला हात लावावा लागणार होता. तो त्यांना लावता येईना. त्या नुसत्या ओरडत राहिल्या, "हिला बाहेर काढ, हिला बाहेर काढ." ताईही पुढं आल्या नाहीत. न मानणाऱ्या ताई. पाणी वाहत होतं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा विटाळ माझ्या कामाला आला. आग शांत होईतो मी नळ सोडला नाही.

मग ताई म्हणाल्या, "आईंची माफी माग."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? मोठ्या आहेत त्या. साहेब येतील इतक्यात, तमाशा नकोय मला. माफी माग आणि उद्यापासून ये. नाही तर मला इमारतीच्या ग्रुपवर लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

त्यांनी लिहिलं. उद्धट आहे, न विचारता घरातल्या वस्तूंना हात लावते. एवढंच. सकाळी गेटवर वॉचमननं दांडी आडवी धरली. "अक्का, वेंडाम," म्हणाला. नको, आत जाऊ नको. म्हातारा माणूस, माझ्याकडं बघत नव्हता. एका रात्रीत सगळी घरं गेली.

नवरा म्हणाला, "म्हणून टाक की एकदा. शब्दानं काय अंगाला भोकं पडतेत का?" मी फडकं सोडून हात त्याच्यापुढं धरला. साल निघून आलं होतं. त्यानं तो दिव्याखाली नेऊन बघितला. मग म्हणाला, "बरं. नको म्हणू." आणि त्या महिन्यात जादा पाळ्या करायला लागला. मी गिंडीत एका खानावळीत भांडी घासायला लागले. पाठ मोडते. पैसा कमी आहे. खोटं कशाला सांगू, त्या घरांची आठवण येते.

परवा ताईंचा फोन आला. "अगं, आई गेल्या पुण्याला. ये आता. मी तसलं काही मानत नाही, तुला माहितीये ना."

मी म्हटलं, "आजी गेल्या. तुम्ही तिथंच आहात ना?"

मग समजुतीच्या सुरात, "हे बघ, तू फक्त सॉरी म्हण. मी ग्रुपवर लिहिते, गैरसमज झाला होता म्हणून. सगळी घरं परत मिळतील तुला."

एका शब्दात सगळी घरं. घरात तेल संपलं होतं, हे मला त्या क्षणीही आठवत होतं.

मी फोन ठेवला. माफी मी मागणार नाही. नवरा उद्या बदलला तरी नाही, हात थकले तरी नाही. माफी त्यांनी मागायची आहे. आजींनी नाही, ताईंनी. माझ्या दारात येऊन, गल्लीला ऐकू जाईल अशी. आणि मागितली तरी मी माफ करीन, असं त्यांनी धरून चालू नये.