शालिककाकांच्या दहा चकरा

शालिकराव घोरमाडे माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या. दारात नव्हे, दुकानभर ते चपला घालूनच हिंडले. पण शर्यतीच्या गेमचं स्टेअरिंग आम्ही गिऱ्हाइकांना चालवून बघायला मांडलेलं असतं, त्याच्यासमोर बसायची वेळ आली तशा त्यांनी चपला काढून खुर्चीखाली जोडीनं ठेवल्या, त्या चाकाला उजवा हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मी तोंड फिरवून हसलो. नागपूरच्या सीताबर्डीत, पहिल्या मजल्यावर, इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण खोक्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या पाया पडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो.

माझे वडील याच दुकानात टेपरेकॉर्डर विकायचे, मी गेमचं सामान विकतो. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी एकच प्रश्न घेऊन येतं: गाड्यांच्या शर्यतीसाठी स्टेअरिंग घ्यावं की गेमपॅड? माझं उत्तर समोरच्याचं तोंड बघून ठरायचं. नवरा टेबलाला स्टेअरिंग कसायची स्वप्नं बघतोय आणि बायको कपाळाला आठ्या घालून उभी आहे, असं दिसलं की मी म्हणायचो, “गेमपॅडच घ्या साहेब, खणात मावतं.” हौशी माणूस एकटाच आला असला की, “स्टेअरिंगची मजा गेमपॅडला नाही बुवा.” ज्याला जे ऐकायचं असेल ते त्याला ऐकवायचं, यालाच मी धंदा समजत होतो. लोक मला गोड माणूस म्हणत, आणि ते मला आवडायचं.

शालिकराव पहिल्यांदा आले त्या मंगळवारीही एक इंजिनिअर असाच अडून बसला होता. माझं “दोन्ही चांगलेच आहेत” चालू होतं. शालिकरावांनी ते थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मधेच विचारलं, “बाबू, तुले गाडी चालवाची आहे का जिंकाचं आहे?”

इंजिनिअर म्हणाला, “जिंकायचं आहे.”

“मंग रिमोट घे. बोटानं दाबलं का वळते, तरास नाही. चालवाची असती तर म्हटलं असतं हे स्टेरिंग घे, अन् वर्षभर हराची तयारी ठेव.”

तो गेमपॅड घेऊन गेला. माझ्या हातून स्टेअरिंगचं मोठं गिऱ्हाईक गेलं, म्हणून मी जरा चरफडलोच. पण मनात म्हटलं, या म्हाताऱ्यानं एका वाक्यात जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत सांगता आलं नव्हतं.

मग ते स्वतः बसले. गेम सुरू व्हायच्या आत त्यांनी एकच शंका विचारली, “याले भोंगा कुठं आहे?” भोंगा नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, हे काही खरं नाही अशा अर्थी. पहिल्या वळणावर गाडी गेली आणि माझं हसू थांबलं. आमच्या स्टेअरिंगमध्ये मोटर असते, खड्डा आला की ते हाताला हिसका देतं. नवी माणसं त्याच्याशी झटतात. काकांचे तळवे नुसते टेकलेले होते, आणि अंगठे चाकाच्या आत नव्हते, बाहेर, कडेवर होते. मी कारण विचारलं.

“जुन्या एसटी बशीचं स्टेरिंग खड्ड्यात उलटं फिरते गा. आंगठा आत असन तर आंगठा गेला. आमचे अर्धे डायवर नवीन असतानी आंगठ्याले पट्टी बांधून फिरत.”

गिअर टाकताना ते पडद्याकडे बघतच नव्हते, कान देऊन ऐकत होते. आवाज चढला की हात आपोआप जायचा. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातली माणसं येऊन मागे उभी राहिली. शर्यतीत ते पाचवे आले, पण पहिला कोण आला हे कुणी पाहिलंच नाही. सगळे त्या हातांकडे बघत होते. गाडी चालवणं ही इतकी शांत गोष्ट असू शकते हे मला माहीत नव्हतं.

काका नरखेड तालुक्यातले. बत्तीस वर्षं एसटी चालवली, बसला ओरखडा नाही. निवृत्त होऊन सात वर्षं झालेली. नात पल्लवी काटोलला शाळेत जायची ती त्यांच्याच बसनं, ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसून. तेव्हापासून तिचं ठरलेलं होतं की लग्नाच्या दिवशी माझी गाडी आबाजीच चालवतील. आता लग्न ठरलं होतं, हॉल नागपूरचा. मुलानं, म्हणजे पल्लवीच्या वडिलांनी, दिनेशनं, नवी गाडीही घेतली होती. सगळं घर म्हणत होतं की नवरीला नरखेडहून आबाजी आणणार.

मग दर मंगळवारी काका येऊ लागले. दुपारची वेळ, दुकान रिकामं. मला आधी वाटलं, हौस आहे. तिसऱ्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं की त्यांची गाडी घासते ती डावीकडेच. अरुंद रस्ता, दोन्हीकडे भिंत. उजवी भिंत बोटभर अंतरानं चुकवायचे आणि डावीला खरचटून जायचे. मी म्हटलं, “काका, डावीकडे जरा सांभाळून.”

त्यांनी ब्रेक दाबला. “दिसत नाही गा,” ते म्हणाले. “काचबिंदू आहे. दोन्ही डोयाचं डावीकडचं गेलं. डॉक्टर म्हणते गाडी चालवू नका. आता डॉक्टर काय, काहीही म्हणते. म्हणून पाहून राहिलो, खरं का खोटं. घरी कोणाले मालूम नाही.”

“मग ठरवणार कसं?”

“दहा चकरा. डावीकडे एकही बार लागली नाही पाहिजे. जमल्या तर पोरीले मी आणतो. नाही जमल्या तर दिनेश आणन. इथं भिंत लागली तर पतरा वाजते फक्त. तिथं भिंतीच्या जागी फटफटीवाला राहते.”

माझ्याच घरचं लग्न असावं तसा मी त्यांच्यासाठी अधीर झालो. चार चकरा व्हायच्या, पाचव्यात भिंत. सहा व्हायच्या, सातव्यात भिंत. दर वेळी ते “लागली” एवढंच म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा नुसतं खरचटलं होतं, गेमनं मोजलंही नाही. मी म्हटलं, “ही धरू नका, काका.” ते म्हणाले, “ज्याले लागते त्याले इचार, धराची का नाही.”

मला ते बघवेना. मी त्यांच्या हातात गेमपॅड दिलं आणि पडद्यावरचं दृश्य बदललं. गाडीच्या मागून, वरून दिसायला लागलं. डावीउजवी भिंत सगळी पडद्याच्या मधोमध. काकांनी तीन चकरा स्वच्छ काढल्या आणि पॅड खाली ठेवलं.

“छान जमतंय की!” मी म्हटलं.

“जमणारच. इथं मी गाडीच्या मागं हवेत उभा आहे. पोरीले आणतानी मी कुठं राहीन? आत ना? मंग आतून दिसते तेच खरं.” मग ते हसले. “रिमोट चांगला आहे गा. पण तो मले काही इचारत नाही.”

लग्नाआधीचा शेवटचा मंगळवार आला. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते. गेममध्ये नवशिक्यांसाठी एक सोय असते. ती चालू केली की गाडी भिंतीजवळ जाऊ लागली तर आपणच थोडी आवरते, थोडी वळते. बघणाऱ्याला कळतही नाही. काका चपला काढायला वाकले तेवढ्यात मी ती चालू केली. मनात एकच होतं: म्हातारा खूश होऊन घरी जावा. पुढे रस्त्यावर काय होईल हा विचार, खरं सांगतो, माझ्या डोक्यात आलाच नाही. माझी खोडच ती.

दहा चकरा झाल्या. एकदाही पत्रा वाजला नाही. काकांनी चाकावरून हात काढले आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मला जन्मभर विसरता येणार नाही. पासष्टीचा माणूस, डोळे भरलेले. “झाल्या ना गा? मोजल्या ना तू?” मी म्हटलं, “झाल्या, काका. दहा.” मी खालून सांबारवडी, आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, मागवली. त्यांनी एकच खाल्ली, दुसरी पल्लवीसाठी कागदात बांधून घेतली, आणि जिना उतरून गेले. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

अर्ध्या तासानं ते परत वर आले. बस सोडून आले होते. पुडी तशीच हातात.

“एक चक्कर अजून मारू दे.”

ते बसले. या वेळी त्यांनी चाक धरलंच नाही, नुसती बोटं टेकवली. गाडी सोडली. डावी भिंत जवळ आली, तसं चाक त्यांच्या बोटांखाली आपोआप उजवीकडे फिरलं. काकांनी हात उचलून मांडीवर ठेवले. गाडी तशीच थोडी पुढे गेली आणि थांबली.

“सातव्या चकरीत,” ते सावकाश म्हणाले, “हात फिराच्या पहिले चाक फिरलं होतं. तवा वाटलं भास झाला. स्टँडवर बसलो, अन् हातच म्हणे, नाही, भास नाही.”

दहा चकरांतल्या एका वळणावरचा क्षणाचा फरक. तो त्यांच्या तळहातांनी धरून ठेवला होता, बसस्टँडपर्यंत नेला होता. असं काही कुणाला कळू शकतं, यावर माझा विश्वास बसत नव्हता. कसाबसा म्हणालो, “काका, चुकलो. मी मुद्दाम तुम्हाला फसवायला...”

“तू फसवलं नाही. मले जे पाह्यजे होतं तेच देलं तू.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून मला जास्त लागलं. “भेव कायचं वाटते सांगू? दहा झाल्या तवा मी इचारलंच नाही. पटकन मानलं. चार दिवसांनी पोरीले बाजूले बसवून निघालो असतो मी. बत्तीस साल ज्यानं कोणाले धक्का नाही लावला, तो निघाला असता गा.”

त्यांनी ती सोय बंद करायला लावली आणि पुन्हा चाक धरलं. दुसऱ्याच चकरीत डावी भिंत लागली. “लागली,” म्हणाले, आणि उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “दुकानदार, गिऱ्हाइकाले खूश करत जा. पण आधी पाहत जा, तो इथून निघून कुठं जाऊन राहिला ते.”

लग्नाला मी गेलो. हॉलच्या दारात गाडी थांबली तेव्हा स्टेअरिंगवर दिनेश होता आणि शेजारी फेटा बांधून काका. पल्लवी मागून उतरली. डोळे रडलेले, पण चेहरा प्रसन्न. काकांनी मला पाहिलं, लांबूनच मान हलवली. घरी काय सांगितलं, कसं सांगितलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून कुणी स्टेअरिंग की गेमपॅड विचारलं की समोरच्याचं तोंड बघत नाही. काकांचा प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो आणि खरं ते सांगतो. विक्री थोडी कमी झाली. आता लोक मला गोड म्हणत नाहीत, पण परत परत येतात.

मागच्या हिवाळ्यात पल्लवीचा फोन आला. काका गेले होते, झोपेतच. तिनं माझा नंबर त्यांच्या वहीतून शोधला होता. बराच वेळ आम्ही दोघं बोलत राहिलो, आणि मग मी इतके दिवस अडलेला प्रश्न विचारला: त्या दिवशी रस्त्यात काका कसे होते?

“सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी, मले डावीकडचं दिसत नाही म्हणून,” ती म्हणाली. “मी रडली. मग गाडीत बसलो. काटोल सुटलं अन् आबाजी म्हणाले, ‘पल्लवी, डावीकडचं सांगत चाल वं.’ मी सांगत गेली. संत्र्याचा बगीचा, पंपाची खोली, दोन म्हशी, एसटीचा थांबा. ते फक्त हं, हं करत होते. कळमेश्वरच्या अलीकडे मी म्हटलं, आबाजी, तुमच्या खिडकीला लागून फटफटी चालली आहे. टाकीवर एक लेकरू आहे. तुम्हाला पाहून हात हलवून राहिलं. आबाजींनी पूर्ण मान वळवून हात हलवला, पण फटफटी तोवर मागे पडली होती. त्यांना काहीच दिसलं नाही.”

पल्लवी पुढे सांगू लागली.

“मग त्यांनी मला विचारलं, ‘गेलं का वं सुखरूप?’ मी म्हटलं, हो आबाजी, गेलं.”