बयाबाईचं ठिगळ

बयाबाईकडे माझं प्रथम लक्ष गेलं, तेव्हा तिच्या केसांत ओला चुना होता आणि ती हसत होती. साल चोपन्न. माकडांच्या धुडगुसात महाडच्या आमच्या शाळेचं एक कौल निसटून आत पडलं आणि मी शिकवत असलेल्या चौथीच्या वर्गाच्या छताला नारळाएवढं भोक पडलं. छत बांबूच्या विणलेल्या तट्ट्याचं, खालून चुन्याचा गिलावा. गोमाजी गवंड्याने भोक दोनदा बुजवलं आणि दोन्ही वेळा चुन्याचा गोळा खाली आला. दुसरा बयाबाईच्या डोक्यावर. ती त्याच्या हाताखाली घमेली वाहायची.

सोमवारी शाळेची तपासणी होती. हेडमास्तर घायकुतीला आले होते. तेवढ्यात बयाबाई म्हणाली, “दादा, मी करू?”

गोमाजी हसला. गिलावा लावायची थापी मागायची तिची ही पहिली वेळ नव्हती. “कर गो. टिकलं तर थापी तुझी. पडलं तर जल्मात परत मागायची नाय.”

ती शिडीवर चढली आणि पहिल्यांदा काय केलं, तर भोक मोठं केलं! सैल गिलावा ठोकून पाडत ते परातीएवढं झालं. हेडमास्तर खालीच बसले. मुलांना मी आंब्याखाली नेलं होतं, पण पाढे कोण म्हणतो? सगळ्या माना खिडकीकडे.

मग तिने दोन लांब कामट्या भोकातून तिरप्या आत सारल्या, आडव्या केल्या आणि नव्या तट्ट्याचा तुकडा काथ्याने त्यांना खालून घट्ट बांधला. कडा पाण्याने भिजवल्या. कातरलेला काथ्या घालून मळलेला चुना अगदी पातळ लावला आणि ती खाली उतरली. गोमाजी म्हणाला, “झालं?” ती म्हणाली, “उद्या दुसरा हात. घाई केलीस म्हनून पडला तुझा.”

तिसरा हात शनिवारी सकाळी झाला. रविवारी गोमाजी काठी घेऊन आला. आम्ही सगळे वर बघत उभे. त्याने ठोकलं. कण पडला नाही. पुन्हा जोरात ठोकलं. मुलांनी एकच गलका केला. गोमाजीने शिडीवर चढून जोड शोधत छतावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि शिडीवरूनच थापी खाली धरली. बयाबाईने हात पदराला पुसून ती घेतली.

त्याला आता चौदा वर्षं झाली. बयाबाई हल्ली पोलादपुरात असते. तिथल्या धर्मशाळेच्या चार खोल्यांचा गिलावा सध्या तिच्याकडे आहे.